विश्वासू नावांची यादी

१

हेमलताताईंचा राजीनामा हेमलताताईंनाच टाइप करावा लागला होता, कारण अख्ख्या कारखान्यात बिनचूक इंग्रजी टाइप करणारं दुसरं कोणी नव्हतं. कागद टेबलावर पडला होता. खाली सहीची जागा तेवढी मोकळी होती.

"पाच वाजेपर्यंत येळ हाय," हैबतरावआबा मला म्हणाले. "तवर तुझं यंत्र तपास. यंत्राचा गुन्हा निघाला तर बाईंची माफी मागंन. न्हाई निघाला तर बाईंनी सही करायची आन् घरी जायचं."

दिवाळी तोंडावर आली होती. घोटावड्याच्या रस्त्याला आबांचा रबरी सीलचा कारखाना. इंजिनातलं तेल गळू नये म्हणून ज्या काळ्या कड्या बसवतात, त्या इथे बनतात. अकरा वर्षांपूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं तेव्हा परदेशी पत्रव्यवहारासाठी हेमलताताई बार्शीहून आल्या आणि राहिल्या त्या राहिल्याच. स्वीडनच्या एका कंपनीची वर्षभराची ऑर्डर दर ऑक्टोबरात यायची. कारखान्याचं निम्मं पोट त्या एका ऑर्डरीवर चालायचं. यंदा, म्हणजे २००७ साली, ती आलीच नाही. नोव्हेंबर उजाडल्यावर आबांच्या मुलानं, पियूषनं, स्वीडनला फोन लावला. ते म्हणाले, आम्ही चार ईमेल पाठवले, तुमच्याकडून हूं की चूं नाही, म्हणून काम दुसऱ्याला दिलं. दुसरा म्हणजे नेऱ्यातला एक नवा कारखाना. इथून स्कूटीवर वीस मिनिटं.

स्वीडनचे सगळे ईमेल एकट्या हेमलताताईंकडे यायचे. आबांनी दोन आणि दोन चार केले: पत्रं ताईंनीच दाबली.

मी नाजनीन तांबोळी. पौडच्या बाजारात माझ्या अब्बांचं, इस्माईलभाईंचं, खिळे-पत्र्यांचं दुकान आहे. पॉलिटेक्निकपासूनची मैत्रीण जान्हवी आणि मी मिळून पिरंगुटला एका गाळ्यात 'नाजजान कॉम्प्युटर्स' चालवायचो. नाव ऐकून लोक अत्तराचं दुकान समजून यायचे. आबांचा मेल सर्व्हर आम्हीच दोन वर्षांपूर्वी बसवला होता, त्यावरचे स्पॅम अडवायचे नियम मी लिहिले होते. त्यामुळे आदल्या रात्री आबांचा फोन आला, उद्या येऊन यंत्र तपास म्हणून. खरं सांगायचं तर माझा नियम चुकला असेल या भीतीनं मी नीट झोपलेही नव्हते.

सकाळी दहाला गेटवर पोचले. पुण्याकडच्या पोरी दुचाकीवर स्कार्फ बांधतात तसा मीही बांधलेला. डोळे तेवढे उघडे. सख्खा बापही रस्त्यात ओळखणार नाही. कोंडिबामामा वॉचमननं मान वर केली.

"परत आलात व्हय? काय इसरलं जनू?"

"मामा, मी गणपतीनंतर आजच येतेय."

"बरं बरं," असं म्हणून त्यांनी रजिस्टर ओढलं आणि सावकाश लिहिलं, 'कांपुटरवाल्या म्याडम'. मामा कुणाचं नाव लिहीत नाहीत. त्यांच्या वहीत दूधवाला असतो, ग्यासवाला असतो, 'साहेबांचं पाव्हणं' असतात. म्हातारपणी दिवसांचा घोळ होतोच, असं म्हणून मी आत गेले.

२

सर्व्हर एका लाकडी केबिनमध्ये आहे. किल्ली ऑफिसातल्या गणपतीच्या तसबिरीमागे खिळ्याला लटकते, आणि ते कँटीनच्या पोऱ्यापासून सगळ्यांना माहीत आहे. त्या किल्लीनं काही सिद्ध होणार नव्हतं. पासवर्ड मात्र प्रत्येकाकडे नव्हता. शिवाय बाहेरून कुणाला शिरता येऊ नये अशी सोय मी करून ठेवली होती. नियमात बदल करायचा तर त्या केबिनमधल्या स्टुलावरच बसावं लागायचं.

सर्व्हरवरचे नियम म्हणजे कोंडिबामामाच समजा. येणाऱ्या प्रत्येक पत्राला ते क्रमानं तपासतात. पहिला नियम विश्वासू नावांच्या यादीचा: या यादीत नाव असेल त्याला काही विचारायचं नाही, थेट आत सोडायचं. नसेल तर पुढचे नियम झडती घेतात. सातवा नियम असा, की परदेशी अनोळखी माणसानं गाठोडं बांधलेली फाइल, म्हणजे झिप, जोडून पाठवली असेल तर पत्र कचऱ्यात टाकायचं. त्या वर्षी अशा गाठोड्यांतून व्हायरस फार यायचे. कचऱ्याचा डबा दर रविवारी आपोआप रिकामा होतो.

मी नोंदी उघडल्या आणि चारही पत्रं सापडली. दसऱ्यानंतर, म्हणजे बावीस ऑक्टोबरपासून दोन नोव्हेंबरपर्यंत, चारही सर्व्हरपर्यंत व्यवस्थित पोचली होती. चारही पत्रांना सातव्या नियमानं कचऱ्यात टाकलं होतं. स्वीडनवाले ड्रॉइंग झिपमध्येच पाठवतात.

माझाच नियम! पण मग पहिल्या नियमानं त्यांना सोडलं कसं नाही? मी विश्वासू नावांची यादी उघडली. तेवीस नावं होती. स्वीडन तेविसावं, अगदी तळाला, पण होतं. यादीत नाव असताना पत्र कचऱ्यात जाणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. जान्हवी.

"काय गं, सापडलं का?"

"बघतेय अजून."

"सातव्या नियमात अडकलं असणार, दुसरं काय. सांगून टाक आबांना, आमच्या नियमाची चूक झाली म्हणून. दोन शिव्या देतील आणि विसरतील. हेमलताताईंची नोकरी तरी वाचेल."

किती मोठ्या मनाची माझी मैत्रीण, असं मला तेव्हा वाटलं. हो म्हणून मी फोन ठेवला. मग सवयीनं यादीच्या फाइलची तारीख पाहिली. फाइल शेवटची बदलली होती आज सकाळी, आठ बावन्नला.

३

हेमलताताई स्टोअरच्या कोपऱ्यात बसल्या होत्या. समोर डबा, झाकण न उघडलेला.

"चार दिवस एकटीच जेवतेय," त्या म्हणाल्या. "काल अकाउंट्सच्या कल्पनानं डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर गेली. तिच्या बाळंतपणात मी तिचं काम केलं होतं."

"ताई, आज सकाळी तुम्ही किती वाजता आलात?"

"कंपनीच्या बसनं, नेहमीसारखी. चांदणी चौकातून. सव्वानऊ. का?"

आठ बावन्नला ताई बसमध्ये होत्या. बरोबर चाळीस साक्षीदार. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच बोलून गेले, "ताई, तुम्ही यात नाही. मी आबांना सांगते, आमच्या नियमाची चूक झाली. मिटेल सगळं."

त्यांनी माझा हात धरला. "चूक झाली खरंच?"

"नाही वाटत," मी म्हणाले.

"मग तसं सांगून मला सोडवू नका. हे कुणी केलं ते उघड झालं पाहिजे. नाहीतर नोकरी राहील, पण आबा माझ्याकडे बघतील तेव्हा संशय डोळ्यांत राहीलच. मी अकरा वर्षं नोकरीपेक्षा नाव सांभाळलंय."

मग मी त्यांना सीडींचं विचारलं. दर शनिवारी सर्व्हरची एक नक्कल सीडीवर घ्यायची आणि तारीख घालून कपाटात ठेवायची, हे काम त्यांचं. सीडी घातली की नक्कल आपोआप निघायची, पासवर्ड लागायचा नाही. त्यांनी कपाट उघडलं. तेरा ऑक्टोबरची सीडी होती, सत्तावीसची होती, तीन नोव्हेंबरची होती. वीस ऑक्टोबरची नव्हती.

दारात पियूष उभा होता, पंचविशीचा, शर्टाच्या खिशात दोन मोबाइल. "नेमकी तीच गायब," तो म्हणाला. "व्वा."

"गायब नाही, घेतलीच नव्हती," ताई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "त्या शनिवारी खंडेनवमी होती. यंत्रांची पूजा झाल्यावर दसऱ्यापर्यंत एकाही यंत्राला हात लावायचा नाही, हा तुमच्या वडिलांचाच दंडक आहे. मी सर्व्हरलाही हळदकुंकू लावलं, जान्हवीनं हार घातला, आणि केबिन बंद केली. सीडी कशी घेणार?"

मी तेराची सीडी लावली. यादीत तेवीसच नावं. पण स्वीडन सगळ्यात वर, पहिलं.

"असणारच," ताई म्हणाल्या. "आमचं पहिलं गिऱ्हाईक ते. तुम्ही यादी करायला बसलात तेव्हा मी पहिलं नाव तेच सांगितलं होतं."

सत्तावीसची लावली. बावीस नावं. स्वीडन नाही. तीन नोव्हेंबरची लावली. नाही.

म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे कुणीतरी नाव काढलं, पंधरा दिवस काढूनच ठेवलं, आणि आज सकाळी, मी यायच्या तासभर आधी, परत लावलं. फक्त पहिलं होतं ते शेवटी लागलं.

४

"पियूष, तू सकाळी कधी आलास?" मी विचारलं.

"साडेआठ." तो दचकला. "म्हणजे काय? माझ्यावर येताय का आता?"

पासवर्ड जान्हवीला आणि मला माहीत होता. तिसरी प्रत लिफाफ्यात लाख लावून आबांच्या कपाटात होती, अडीअडचणीसाठी. आबांनी कपाट उघडलं. लिफाफा फाडलेला निघाला.

आबांच्या चेहऱ्याकडे बघवेना. कारखाना पुढे ज्याच्या हातात द्यायचा, त्याच पोरानं असं केलं म्हणजे मग उरलं काय? ते खाली बसले. "ह्ये तू फाडलंस?"

"हो," पियूष म्हणाला. "दसऱ्याचे फोटो पाठवायला मेलबॉक्समध्ये जागा पुरत नव्हती, ती वाढवून घ्यायची होती. पण पासवर्ड चाललाच नाही. चुकीचा लिहिलाय म्हणून सोडून दिलं. यादीबिदी मला ठाऊक पण नाही. बाबा, शप्पत."

"कवा?"

"मागच्या आठवड्यात."

"आन् स्वीडनला फोन तूच लावलास. म्हंजी समद्यात आदी तुलाच म्हाईत."

पोरगा रडायच्या बेतात आला होता. मी लिफाफ्यातला कागद घेतला, केबिनमध्ये गेले आणि त्यावरचा पासवर्ड एक-एक अक्षर बघून टाकला. सर्व्हरनं दार उघडलं नाही. पुन्हा टाकला. नाही.

आणि मग मला आठवलं. गणपतीत मी इथे आले होते तेव्हा पासवर्ड बदलला होता. नवा कागद लिफाफ्यात घालून आबांना द्यायचा राहूनच गेला. आळस माझा. पण त्या आळसानं पियूष सुटला. फाडून मिळालेल्या कागदावर तो काय, कुणीच आत जाऊ शकत नव्हतं.

नवा पासवर्ड दोघींनाच माहीत होता. त्यातली एक मी.

५

किती वेळ त्या स्टुलावर बसून होते, सांगता येणार नाही. डोकं एक-एक गोष्ट पुढे ठेवत होतं आणि मन ती परत ढकलत होतं.

नाव तळाला का लागलं? पियूषनं लावलं असतं तर कुठेही लावलं असतं. पण नवीन नाव नेहमी शेवटी लिहायचं, वरचा क्रम कधी हलवायचा नाही, हा आमच्या धंद्यातला आम्हा दोघींचा दंडक. मीच घालून दिलेला. घाईतही हात त्याच वळणानं जातो. ते नाव पहिलं होतं हे मला तरी कुठे लक्षात होतं?

खंडेनवमीला मी आले नव्हते. आबांचं आमंत्रण दोघींना होतं, पण अब्बांना ताप होता. जान्हवी एकटी आली होती. सर्व्हरला हार तिनं घातला होता. सगळे प्रेस मशीनच्या पूजेला जमलेले, आणि त्या दिवशी यंत्राला कुणी हात लावणार नाही याची प्रत्येकाला खात्री. त्या खात्रीसारखी मोकळी जागा वर्षात दुसरी मिळाली नसती. संध्याकाळी माझ्याकडे येऊन तिनं पेढेही दिले होते. तिच्या नवऱ्याला, शैलेशला, नवी नोकरी लागली होती. मार्केटिंगची. कुठे, असं विचारल्यावर म्हणाली होती, "अगं, नेऱ्याला, कुठल्यातरी नव्या कंपनीत." पेढा मी खाल्ला होता. दोन खाल्ले होते.

आणि सातवा नियम! पत्रं सातव्या नियमात अडकली हे मला नोंदी उघडल्यावर कळलं. तिला पिरंगुटला बसून कसं कळलं? अंदाज असेल, असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. मग उठले आणि आबांकडे गेले.

"आबा, काल मला फोन केलात हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"कुनालाच न्हाई. पियूषला बी बोललो न्हाई. म्हन्लं, आदी कळलं तर चोर सावध व्हईल. तू कुनाला सांगितलंस?"

मी एकाच माणसाला सांगितलं होतं. आबांचा फोन ठेवला आणि लगेच जान्हवीला लावला. जेव्हा जेव्हा भीती वाटली तेव्हा आठ वर्षं मी तेच करत आले होते.

६

साडेचार झाले होते. गप्प बसणं अजून माझ्या हातात होतं. नियमाची चूक म्हटलं असतं तर आबांनी चार शिव्या दिल्या असत्या, ताईंची नोकरी राहिली असती, आमचा गाळाही राहिला असता. फक्त ताईंच्या नावावरचा डाग तसाच राहिला असता. ताईंनी पेनाचं टोपण काढून कागदाशेजारी ठेवलं होतं. ते बघितलं आणि मी कोंडिबामामांना रजिस्टर घेऊन आत बोलावलं.

आजच्या पानावर कामाच्या दोन ओळी होत्या. 'कांपुटरवाल्या म्याडम', आठ चाळीस. खाली आणखी चार नोंदी. मग पुन्हा 'कांपुटरवाल्या म्याडम', दहा.

"मामा, या दोन्ही वेळेला मीच होते का?"

"आता त्वांड बांदल्यालं, म्या काय ओळखू बाई?" मामा कावरेबावरे झाले. "गाडीवर तुमचंच नाव हाय की. चिट्टी चिकटवल्याली. म्हून तर इच्यारलं, काय इसरलं का म्हून. आदीच्यांनी हात केला आन् आत गेल्या. पंदरा मिन्टात भाईर."

'नाजजान'चे स्टिकर आम्ही दोघींनी एकाच दिवशी लावले होते. उरलेल्या गोंदानं एकमेकींचे हात चिकटले होते आणि आम्ही वेड्यासारख्या हसलो होतो.

मी आबांना सगळं सांगितलं, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. मग त्यांच्या देखत जान्हवीला फोन लावला.

"आठ चाळीसला तू इथे होतीस," मी म्हणाले.

तिनं नाकारलं नाही. "शैलेशला नवीन ठिकाणी काहीतरी करून दाखवायचं होतं गं. पंधरा दिवस गप्प राहणं, एवढंच तर होतं. कुणाचं पत्र चोरलं नाही मी."

"हेमलताताईंचा राजीनामा टाइप झालाय."

"म्हणून तर नाव परत लावलं! म्हणून तुला सांगितलं, नियमाची चूक म्हण. तुला कुणी काही केलं नसतं, आबा तुला लेक मानतात." ती रडायला लागली. "तुला कळेल हे मला माहीत होतं, नाज. पण तू माझं नाव सांगशील असं नव्हतं वाटलं."

मी फोन बंद केला. संताप आला होता, आणि त्या संतापाखाली दुखतही होतं. माझ्या नियमाच्या आड लपायला तिला जागा हवी होती. ती तिनं मला न विचारता घेतली होती.

आबांनी राजीनामा उचलून चार तुकडे केले. "बाई, चुकलं माझं. पाया पडतो."

"पाया नका पडू," हेमलताताई म्हणाल्या. "आबा, तुम्ही मला बोलावून विचारलं असतं ना, की बाई, हे तुम्ही केलं का, तर मी रागावलेही नसते. तुम्ही विचारलंच नाही. कागद टाइप करायला लावलात." ताईंनी पेनाला टोपण लावलं. "काम मी करेन. स्वीडनला आजच पत्र लिहिते, खरं काय झालं ते. पुढच्या वर्षी तरी परत येतील. आधी तो पासवर्ड बदला."

पियूष केबिनमध्ये खुर्ची घेऊन आला, ताई माझ्या स्टुलाशेजारी बसल्या. मी पासवर्ड बदलायची चौकट उघडली आणि बोटं कीबोर्डवर ठेवली. अम्मीचं नाव आठवलं. ते जान्हवीला माहीत होतं. आमच्या पहिल्या खोलीचा नंबर आठवला; ती खोली दोघींची होती. मी लहानपणी पाळलेली शेळी, पौडच्या शाळेतल्या बाई, नापास झाले तो विषय. एक-एक काढत गेले आणि एक-एक खोडत गेले. मला लक्षात राहील आणि तिला ओळखता येणार नाही, असा एकही शब्द माझ्याकडे नव्हता.

"सरका," हेमलताताई म्हणाल्या. त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. मग थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, पण बघितलं.

"तुम्ही जरा तिकडे तोंड करा."

मी स्टूल वळवलं आणि भिंतीकडे बघत बसले. मागे त्यांची बोटं चालत होती.